एका मांडवातल्या दोन नवऱ्या

माझं पोट माझ्या तोंडावर चालतं. गावोगावी बायकांचे पैठणीचे खेळ घेते मी. नवरात्र, गणपती, महिला दिन, संक्रांतीचं हळदीकुंकू, नाहीतर एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस. बचत गटाच्या बायका बोलावतात, देवळापुढं कापडी मांडव घालतात, आणि मी माईक हातात धरून त्यांना पळवते, नाचवते, उखाणे घ्यायला लावते. शेवटी एकीला पैठणी, बाकीच्यांना स्टीलचे डबे. माहेर-सासर दोन्ही कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत. आमच्याकडं फुटबॉलची मॅच असली की अख्खी गल्ली घसा फुटेस्तोवर ओरडते, तिथं हळू बोलणाऱ्याला कुणी विचारत नाही. म्हणून हे काम मला बरं जमलं.

दोन-तीन वर्षांमागं मुलींच्या आरोग्यावर काम करणाऱ्या एका संस्थेच्या मॅडम पत्ता शोधत घरी आल्या. म्हणाल्या, आम्ही गावात सभा लावली की मोजून चार बायका येतात, त्यातल्या दोघी आमच्याच असतात. तुमच्या खेळाला मात्र गाव लोटतं. तर खेळाच्या मधे मधे आमचं थोडं बोलाल का? काय बोलायचं ते त्यांनी टाईप करून आणलंच होतं. पोरीचं लग्न अठराच्या आत नको, बाळंतपण त्याहून पुढं ढकला, अंग वाढायच्या वयात पोट वाढलं तर आईच्याही जिवाला धोका आणि बाळाच्याही. खरंच होतं सगळं. मी पाठ केलं आणि संगीत खुर्ची आणि उखाण्यांच्या मधे घालून बोलायला लागले.

आणि बायका काय करायच्या सांगू? तेवढ्यात पोराला शू करवून आणायच्या. पदर सारखा करायच्या. शेजारणीला विचारायच्या, पैठणी खरी आहे का सेमी. मालिका थांबून जाहिरात लागली की आपण पाणी प्यायला उठतो ना, तसं. टाळ्या मात्र कडकडून वाजवायच्या, कारण टाळ्या झाल्या की पुढचा खेळ. हे कुणाच्या कानात शिरत नाही, हे मला स्टेजवर उभं राहून दिसत होतं आणि त्याचा रागही यायचा. पण मॅडम फोटो मागायच्या, मी पाठवायची, त्यावर त्या अंगठ्याचं चिन्ह पाठवायच्या, असं चाललं होतं.

माझ्याबरोबर साऊंडवाला एकच, पहिल्यापासून. गारगोटीच्या बाजूचा, शेती थोडी, दोन म्हशी आणि हा साऊंडचा टेंपो. माणूस असा की शोधून सापडणार नाही. वायर तुटली, लाईट गेली, पाऊस आला, याचं तोंड कधी वाकडं झालेलं मी पाहिलं नाही. एकदा भर उन्हात मला चक्कर आली तर स्टेजवरून उचलून टेंपोत घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेऊन सलाईन संपेपर्यंत बाहेर उकिडवा बसून राहिला. मला ताई म्हणतो. मी त्याला सगळ्यांसारखी दादा म्हणते आणि अरे-तुरे करते. मॅडमनी दिलेलं भाषण त्याला माझ्यापेक्षा चांगलं पाठ. मी मधे अडखळले की मिक्सरमागून ओठ हलवून पुढचं वाक्य सांगायचा.

गेल्या उन्हाळ्यात एका गावचा कार्यक्रम आटपून आम्ही टेंपोत खोकी भरत होतो. तो खुशीत होता. म्हणाला, ताई, पुढच्या महिन्यात आमच्या घरात हळद हाय, निवेदनाला तुमीच पायजे, दुसरं कोण नको. त्याच्या थोरल्या भावाची मुलगी लग्नाची आहे हे मला ठाऊक होतं. भाऊ गेल्यापासून त्यानंच तिला शिकवली, नर्सिंगचा कोर्स केला होता तिनं. मी म्हटलं, येते की, घरचंच काम आहे. तर म्हणतो कसा, "एक न्हाय ताई, दोन नवऱ्या हायत. धाकटीचं बी त्याच मांडवात उरकून टाकतोय."

धाकटी म्हणजे त्याची स्वतःची मुलगी. नुकताच दहावीचा शेवटचा पेपर देऊन आलेली.

मला आधी वाटलं हा थट्टा करतोय. मग कळलं, थट्टा नाही. आमच्या भागात हे होतं. थोरलीच्या मांडवात धाकटीला उभी करायची, म्हणजे खर्च एकच, जेवण एकच, पाहुण्यांना दोनदा यायला नको. पत्रिका थोरलीच्या नावाची, धाकटीचं कुठं छापत नाहीत. आणि इथं तर नवरदेवाचा धाकटा भाऊच ठरवला होता, इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला. दोघी बहिणी एका घरात, एकमेकींना सोबत. साऊंडवाल्याच्या आईनं जमवलं होतं. सगळं असं बेतशीर बसलेलं, की कुणीही मान डोलवावी.

माझं डोकंच फिरलं. अरे, म्हटलं, गाढवा, माझ्याबरोबर गावं पालथी घालतोस, ते सगळं तोंडपाठ आहे तुला, आणि स्वतःच्या पोरीला पंधराव्या वर्षी बोहल्यावर चढवतोस? त्याला मी चिडले याचंच नवल वाटलं. वायर गुंडाळता गुंडाळता शांतपणे म्हणाला, "आवो ताई, ते कार्यक्रमातलं न्हवं का?"

तोंडात मारल्यासारखं झालं मला. वरनं त्यानं मला समजावून सांगितलं, जशी काही मीच खुळी आहे. पलीकडच्या गल्लीतली एक मुलगी गेल्या वर्षी पळून गेली, तिचा बाप अजून चावडीवर येत नाही. आपली पोरगी मोबाईल घेऊन माडीवर बसते. आता कॉलेजला गारगोटीला जाणार म्हणजे एसटीनं येणं-जाणं. चांगलं स्थळ चालत आलंय, थोरली शेजारी असणार, मग लेकरू झालं तरी बघायला घरचं माणूस आहे. झाली काळजी मिटली. मी म्हटलं, मी फोन लावीन मुलांच्या हेल्पलाईनला, लग्नाच्या दिवशी पोलीस उभे करीन दारात. तो दुखावला. खाली बघून म्हणाला, "लावा. मग थोरलीचं बी मोडंल, तिला तरी दुसरं कोण करून घेणार सांगा."

घरी आले ती तशीच फणफणत. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. दुसऱ्या दिवशी भाजी जाळली, तिसऱ्या दिवशी गॅस तसाच ठेवून बाजारात गेले. नवरा म्हणाला, फोन करायचा तर कर, नाहीतर गप बस, पण घरात अशा येरझाऱ्या घालू नको, फरशी झिजायची. बोलायला काय जातंय त्याचं.

फोन करायला मी घाबरत होते असं नाही. एकदा केला होता. दुसऱ्याच एका गावात खेळ घेताना कळलं होतं, तिथून परत येता येता फोन लावला. हेल्पलाईनची माणसं आली, चांगली आली, वेळेवर आली. आईबापानं लिहून दिलं की पोरगी अठराची होईपर्यंत लग्न करणार नाही. सगळ्यांनी सह्या केल्या, चहा झाला. आणि पंधरवड्याच्या आत पोरीला कर्नाटकात मावशीकडं नेऊन तिथल्या एका देवळात माळा घातल्या. पुढच्या वर्षी त्याच गावात गेले तर ती पोरगी मांडवाच्या कडेला बसलेली, सातवा की आठवा महिना, तोंड सुकलेलं. मी विचारलं, दवाखान्यात दाखवतेस का गं? तर सासू मधेच म्हणाली, कुठलं दाखवतोय बाई, वय विचारत्यात तिथं, मग पोलीस येत्यात. म्हणजे कायद्याच्या भीतीनं लग्न थांबलं नाही, दवाखाना तेवढा थांबला. त्या पोरीचं पुढं काय झालं ते मी कधी विचारलं नाही. माझं धाडस झालं नाही.

तर हे डोक्यात घोळत असताना साऊंडवाल्याच्याच गावच्या कार्यक्रमाची सुपारी आली. बचत गटाचा वर्धापनदिन. ती सुपारी त्यानंच आणली होती, भांडणाच्या आधी. नाही म्हणता येईना. हो म्हणूनही जीव थाऱ्यावर येईना. मॅडमना फोन करून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, बरं झालं, त्याच गावात आपला मेसेज जोरात द्या. मेसेज. मी फोन ठेवून दिला.

दुपारी तीनचा कार्यक्रम. ऊन मी म्हणत होतं. बायकांनी आल्या आल्या बजावलं, धारेच्या वेळेच्या आत आटपा, म्हशी थांबत नाहीत. देवळापुढं मांडव, मांडवाला लागून मराठी शाळेच्या पायऱ्या, त्यावर शाळकरी मुली बसलेल्या. साऊंडवाला नेहमीच्या जागी मिक्सरमागं. सकाळपासून आम्ही कामापुरतंच बोलत होतो. पहिल्या रांगेत खुर्चीवर त्याची आई. ताठ म्हातारी, नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, नवरा जिवंत असल्याचा आणि म्हशी दूध देत असल्याचा दोन्हीचा तोरा. तिच्या मागं दोन रांगा सोडून त्याची बायको. आणि पायऱ्यांवर, मैत्रिणींच्या घोळक्यात, ती धाकटी.

संगीत खुर्ची झाली. फुगे फोडायचं झालं. मग भाषणाची वेळ आली. मी सुरू केलं आणि बघते तर नेहमीचंच. एक पोराला घेऊन उठली, दोघी कुजबुजायला लागल्या, म्हातारीनं तपकिरीची डबी काढली. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल कौतुक होतं, कारण तिच्या घरच्या हळदीची मी निवेदिका. ते कौतुक बघून माझं टाळकं सटकलं. हातातला कागद मी खुर्चीवर टाकला आणि काही न ठरवता तोंडातून निघून गेलं, "चला, आता नवीन खेळ. ज्या ज्या बाईला पहिलं लेकरू अठराच्या आत झालं, तिनं पुढं यायचं. सगळ्यात लहान वयात जी आई झाली, तिला मोठा डबा."

काय करायचं होतं मला, कोण जाणे. लाजवायचं होतं बहुतेक. पण खेळ म्हटल्यावर आणि डबा म्हटल्यावर आमच्या बायका लाजतात होय? अशी झुंबड उडाली की विचारू नका. एकमेकींना ढकलत, हसत, पदर खोचत येऊन उभ्या राहिल्या. मधलीच कुणी ओरडत होती, आगं तुझं कुठलं अठरा, तुझं एकोणीस हुतं, मला ठावं हाय, खोटारडे. हशा पिकला. पायऱ्यांवरच्या मुली टाळ्या पिटत होत्या, आपापल्या आयांची नावं घेऊन ओरडत होत्या. माझ्या लक्षात आलं, की मी हे काय करून बसले. डबा देऊन, टाळ्या वाजवून, लवकर आई होण्याची मी शर्यत लावली होती, आणि त्या पोरी ती डोळे भरून बघत होत्या. पण खेळ मधेच मोडता येत नाही. मोडला तर मांडव उठून जातो.

मग मी एकेक वय खाली आणत गेले. सतरावाल्या बसा. सोळावाल्या बसा. शेवटी दोघीच उभ्या राहिल्या. एक साऊंडवाल्याची आई आणि दुसरी त्याची बायको. सासू-सून एका रांगेत बघून बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडायला लागल्या. म्हातारीनं हात वर करून सांगितलं, चवदावं. सून म्हणाली, पंधरावं सरत आलं हुतं. मी डबा म्हातारीला दिला. तिनं तो असा वर धरून दाखवला की टाळ्याच टाळ्या.

आता दुसऱ्या नंबरवर आलेल्या बाईलाही आम्ही माईक देतो, बोलतं करतो. सवयीनं मी सुनेच्या तोंडापुढं माईक धरला आणि सवयीनंच विचारलं, मग वहिनी, पहिला मुलगा का मुलगी?

ही बाई मला इतकी वर्षं माहीत. कधी हसताना पाहिली नव्हती. त्यांच्या घरी जेवायला गेले की ताट वाढायची आणि आत जायची. मला वाटायचं, घमेंड आहे. आत्ताही सगळा मांडव खिदळत असताना तिचं तोंड तसंच होतं. ती म्हणाली, "मुलगा हुता. ऱ्हायला न्हाय."

मागच्या बायकांना ऐकू गेलं नाही, त्या हसतच होत्या. पुढच्या गप्प झाल्या. मी माईक काढून घेणार होते, दुसरा काहीतरी विषय काढणार होते. पण तिनं माझा हात धरला. जोरात धरला. आणि माईकमधे बोलायला लागली. दोन दिवस कळा देत होते, म्हणाली. सुईण म्हणाली, वाट लहान आहे, मोठ्या दवाखान्यात न्या. जीपनं मला कोल्हापूरला नेलं. पोर निळं झालेलं बाहेर आलं. तेवढं सगळ्या गावाला माहीत आहे, ती म्हणाली. पण मी फाटले ते नीट शिवलं गेलं नाही, ते कुणाला माहीत नाही.

आणि तेवढ्यात आवाज गेला. मी माईकवर बोट आपटलं. मग मिक्सरकडं बघितलं. साऊंडवाल्यानं बटण खाली ओढलं होतं आणि बोट त्यावरच दाबून ठेवलं होतं. मान खाली.

ती थांबली नाही. माईक तोंडाशी तसाच धरून, बिनआवाजाच्या माईकमधे बोलत राहिली. आता ऐकू येईना म्हणून मागच्या बायकाही हसणं सोडून पुढं सरकल्या. खुर्च्या ओढल्याचे आवाज तेवढे झाले. "तुमी सगळ्या म्हंता, ही बया हसत का न्हाय. हसलं की माझं लुगडं भिजतंय. शिंकलं तरी भिजतंय. दुधाची किटली उचलली तरी. मी हळदीला जात न्हाय, बारशाला जात न्हाय, इथं बी मागं बसतो, उठताना कुणाला दिसू नये म्हणून. आन् माझ्या पोरीला तुमी उभी करताय त्याच वाटंवर."

म्हातारी खवळली. डबा काखेत मारून म्हणाली, एवढ्यासाठी गावापुढं तमाशा करतीस होय. "ही काय नवीन सांगाय लागलीया. माझं तर पहिल्या बाळंतपणापासून अंग भाईर येतंय. फडकं बांधून रानात भांगलाय जातो मी. म्या कवा कुणाला सांगितलं? सगळ्यांचंच असतंय ते."

तिला वाटलं होतं, यानं सुनेचं तोंड बंद होईल. पण मागून एक बाई म्हणाली, व्हय, माझं बी. दुसरी म्हणाली, मला तर खोकला आला की. मग कोपऱ्यातून, मधून, इकडून, तिकडून. कुणी रडत नव्हतं. भाजीचा भाव सांगावा तशा सांगत होत्या. मला तिथं उभं राहवेना. मी दोन वर्षं या बायकांपुढं धोका धोका म्हणून ओरडत होते, आणि धोका इथं रांगा लावून बसला होता, लुगड्याखाली फडकी बांधून.

पायऱ्यांवरून धाकटी उठली. कधी मांडवात येऊन उभी राहिली मी पाहिलं नाही. ती आईकडं गेली नाही, बापाकडं गेली नाही. आजीसमोर उभी राहिली आणि साध्या आवाजात तिनं विचारलं, "आज्जी, मग मला बी हुणार का ते?"

धारंची येळ झाली, एवढं म्हणून म्हातारी उठली. तिच्यामागं सगळ्या उठल्या. पैठणीचा शेवटचा खेळ राहिला, कुणी त्याची आठवणसुद्धा काढली नाही. साऊंडवाला खोकी भरत होता. मी जवळ गेले तर त्यानं पाठ फिरवली. मी एसटीनं घरी आले.

त्यानंतरचे दिवस कसे काढले माझं मला ठाऊक. त्याचा फोन नाही. पुढच्या कार्यक्रमाला त्यानं दुसराच माणूस आणि दुसराच टेंपो पाठवला. वहिनींकडं स्वतःचा फोन नाही, करायचा तर याच्याच फोनवर. थोरलीच्या लग्नाची तारीख मला माहीत होती, ती जवळ येत होती. त्या बाईला मी गावापुढं उघडं पाडलं, आणि एवढं करून पोरीला आधीच कुठं नेऊन टाकली असेल तर? कर्नाटकाची हद्द तिथून किती लांब? मी कपडे वाळत घालता घालता थांबायची आणि हाच विचार.

हळदीच्या आदल्या दिवशी त्याचा मेसेज आला. शब्द एक नाही, नुसतं मांडवाचं लोकेशन. जसं काही त्याचं घर मला माहीत नाही. त्याचा अर्थ काय घ्यायचा? या म्हणतोय, का बघायला या म्हणतोय? मी मनाशी ठरवलं. जायचं. दोन नवऱ्या दिसल्या की तिथल्या तिथं फोन लावायचा, मग ओळख गेली, मानलेला भाऊ गेला, सुपाऱ्या गेल्या, सगळं चुलीत जाऊ दे. नंबर काढून ठेवला. एसटीत तो फोन हातात धरून धरून घामानं ओला झाला.

चार वाजता पोचले. दारात मांडव, केळीचे खुंट, पिवळ्या साड्यांची गर्दी. आणि मांडवाच्या मध्यावर दोन पाट. दोन्हीभोवती रांगोळी. एकावर थोरली बसलेली, दुसरा रिकामा. तेवढ्यात बायकांनी धाकटीला धरून आणलं, पिवळी साडी, ती तिला मोठी होत होती, आणि दुसऱ्या पाटावर बसवली. आजीनं पहिली हळद लावली थोरलीला, मग तेच हात हिच्या गालाला. मी साऊंडच्या खोक्यांमागं गेले आणि अंगठा नंबरवर ठेवला.

"करवली हाय ती, ताई." तो मागंच उभा होता. "हात बगा तिचं."

बघितलं. थोरलीचे हात कोपरापर्यंत हिरव्या चुड्यानं भरलेले. धाकटीच्या मनगटात एक प्लॅस्टिकचं घड्याळ, बास. नवरीशेजारी करवली बसते, तिलाही हळद लागते, हे मला काय माहीत नव्हतं? पण जीव टांगणीला लागला की माणसाला डोळ्यापुढचं दिसत नाही. तरी मी विचारलं, आणि उद्या? उद्या अक्षता पडताना कोण असणार ती? तो म्हणाला, उद्या बी करवलीच. आईनंच नवरदेवाकडच्या पाहुण्यांना सांगितलं. त्या दिवशी धारा काढून झाल्या, म्हातारी म्हशीपुढं बसून राहिली, जेवली नाही, आणि सकाळी उठून म्हणाली की नात मी देत नाही, थोरली तेवढी न्या. पाहुणे चार दिवस फुगून बसले, मग आले वळणावर.

मला त्याचा गळा धरावा का गळ्यात पडावं कळेना. म्हटलं, मग माईक का बंद केलास रे त्या दिवशी? तो वायरी चाचपायला लागला. "पहिलं पोर गेलं एवढंच ठावं हुतं मला," तो म्हणाला. "बाकीचं मला कधी बोललीच न्हाय. एका घरात ऱ्हातोय आमी." मग एकदम कडू तोंड करून म्हणाला, की अठरा झाली की मात्र मी कुणाचं ऐकणार नाही, लगेच करणार. आणि आज मॅडमचं काही बोलू नका, नुसते उखाणे घ्या.

म्हणजे एवढंच पदरात पडलं. अठरा. अजून अडीच-तीन वर्षं. तोवर काय काय होईल, पोरगी कॉलेजला जाईल का माडीवरच बसेल, याचा विचार करत मी माईक घेतला आणि उखाणे घेतले. मांडव हसला. वहिनी सगळ्यात लांब, खांबाला टेकून उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून.

निघताना मी नळावर हात धूत होते. धाकटी आली, गालावर हळद वाळलेली. इकडं तिकडं बघून म्हणाली, ताई, कोल्हापुरात बाईच डॉक्टर पाहिजे, आई पुरुषाकडं यायची नाही. "मंगळवारी डेअरीला दूध घालून पहिल्या गाडीनं येतो. आईला आणतो, आज्जीला बी आणतो. बाबाला सांगू नका, त्यो लाजतोय."

मी विचारलं, आई तयार आहे का? आजी तरी? ती म्हणाली, नाहीत, पण मी आणते. "माझं लगीन कवा का हुईना, त्यात माझी आई हसाय पायजे, ताई."

मी तिला माझा पत्ता सांगितला, स्टँडवर न्यायला येते म्हटलं, आणि गाडीत बसल्या बसल्या मंगळवारची सुपारी रद्द केली.